लाल शाईच्या आधी

फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला ९७वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. १९५२ नंतर गावाला हा मान दुसऱ्यांदा मिळत होता. त्याच दिवसांत, त्याच गावात विद्रोही संमेलनही झालं. एका तालुक्याच्या गावात दोन-दोन मांडव पडले, पुस्तकं विकली गेली, वर्तमानपत्रांचे रकाने भरले. पण मांडवात बसलेल्या एखाद्या निवृत्त गुरुजींना, कृषी केंद्र चालवणाऱ्याला किंवा आशाताईला 'तुम्ही काही लिहिता का' असं विचारून बघा. उत्तर ठरलेलं असतं. "आपलं कोन वाचस, भाऊ?" थोडी ओळख वाढली की दुसरं वाक्य येतं, "सांगाले जमस, लिखाले जमत नही."

माझं म्हणणं त्या दुसऱ्या वाक्याबद्दल आहे.

लिहिण्याची भीड कशी चेपावी यावर सल्ल्यांना तोटा नाही. पहाटे उठा, चांगली वही घ्या, रोज एक पान लिहाच, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा. ज्याला वेळ नाही किंवा ज्याचं मन लागत नाही, त्याला याचा उपयोग होत असेल. आमच्याकडे, खान्देशात, घोडं वेगळ्याच ठिकाणी अडतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकी झोक्यावर बसल्या बसल्या गाण्याला नवी कडवी जोडतात. कानबाई या देवीच्या उत्सवाच्या रात्री एकीचं गाणं संपायच्या आत दुसरी उचलते. पारावरचा म्हातारा १९७२च्या दुष्काळातल्या खडी फोडण्याच्या कामाची आणि तिथे वाटलेल्या सुकडीची गोष्ट अशी रंगवतो की ऐकणाऱ्याचा चहा गार होतो. याच म्हाताऱ्याच्या हाती कागद दिला की तो विचारतो, "सुरुवातीला काय टाकू? 'उपरोक्त विषयास अनुसरून' टाकू का?"

सांगता येणाऱ्या माणसाचा हात कागदावर आखडतो तो आळसाने नाही. आखडायला त्याला शिकवलेलं असतं. हे शिक्षण सरकारी खर्चाने, सार्वजनिक शाळेत, अगदी सद्भावनेने दिलेलं असतं. त्यामुळे या भिडेवरचा उपायही ज्याच्या त्याच्या जिद्दीवर सोडून भागणार नाही. शाळा, वाचनालयं आणि विद्यापीठ यांनी तो करायचा आहे.

रावेर तालुक्यातल्या एका पोराची पाचवीची वही माझ्या पाहण्यात आली. विषय होता 'माझ्या आठवणीतला दिवस'. पोराने केळी कापायचा दिवस निवडला होता. सकाळी बागेत माणसं आली, कापणारा एक आणि घड उचलणारे बाकीचे, घड खाली ठेवायच्या आधी पानं अंथरली, कारण साल काळी पडली तर व्यापारी भाव पाडतो. त्याला पाणी आणायला पाठवलं होतं आणि येताना त्याच्या सदऱ्याला केळीचा चीक लागला. शेवटचं वाक्य होतं, 'चीक लागला का सदरा जातो आन मायचा मार पडतो.' पाचवीतल्या पोराच्या हातून यापेक्षा चांगलं वाक्य मी फारसं वाचलेलं नाही. पानावर लाल गोल होते ते 'केया'भोवती, 'काया'भोवती, 'पानी'भोवती, 'मानसं'भोवती आणि 'आन'भोवती. खाली शेरा होता, 'शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे'. चिकाबद्दल कुणी काही विचारलं नव्हतं.

पुढचा निबंध 'पावसाळ्यातील एक दिवस' हा होता. त्यात आकाश काळ्याकुट्ट ढगांनी भरून आलं होतं, मोर पिसारा फुलवून नाचत होता आणि छोटी मुलं कागदाच्या होड्या सोडत होती. सगळं गाइडातलं, सगळं शुद्ध. शेरा मिळाला, 'छान'. त्या दोन शेऱ्यांमध्ये पोराला जे कळायचं ते कळलं. लिहायचं असेल तर आपलं असं काही लिहायचं नाही, आणि आपल्या तोंडचं तर नाहीच.

यात गुरुजींना झोडपण्यात अर्थ नाही. तेही याच मातीतले असतात, त्यांच्याही वहीत कधीकाळी असेच गोल पडलेले असतात, आणि वर्गात पोरं पुष्कळ, वेळ थोडा. नियमही वाईट नाहीत. साहित्य महामंडळाची लेखननियमावली राज्य सरकारने १९६२ साली स्वीकारली, १९७२ साली तिच्यात भर पडून नियम अठरा झाले. छापलेल्या मजकुराला अशी एकवाक्यता लागतेच. पण हे नियम पहिल्या खर्ड्याच्या दारात पहारेकरी म्हणून उभे करायचे की शेवटच्या पानावर वापरायचे, हा प्रश्न आहे. शेतात कापूस वेचताना कुणी बोंडागणिक सरकी काढत बसत नाही. ते काम जिनिंगमध्ये होतं. आमच्या शाळा वेचणाऱ्याच्याच हातात जिनिंग देतात आणि मग ओटी रिकामी का, म्हणून विचारतात.

त्यातला दुटप्पीपणा मला जास्त खटकतो. बहिणाबाई चौधरींच्या गाण्यांमध्ये 'ण'चा 'न' होतो, तेव्हा आपण माना डोलावतो. पाठ्यपुस्तकात त्यांच्या कविता शिकवतो, आणि २०१८ मध्ये जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नावही दिलं. तोच 'न' आसोद्याच्या आजच्या पोराच्या वहीत दिसला की चूक. (बहिणाबाईंची बोली लेवा गणबोली. खान्देशाबाहेरचे लोक सरसकट सगळ्यालाच अहिराणी म्हणतात. तेही एक असो.) कवयित्रीची बोली म्हणजे माधुर्य आणि तिच्या गावच्या पोराची बोली म्हणजे अशुद्धी, हा न्याय ज्या वर्गात चालतो तिथून लिहिणारे निघाले तर त्यांचं नवलच मानायला हवं.

बहिणाबाईंचं उदाहरण मला आणखी एका कारणासाठी हवं आहे. त्या लिहायला शिकल्या नव्हत्या. गाणी त्यांच्या तोंडी होती. ती घरातल्या माणसांनी टिपून ठेवली, मुलगा सोपानदेव यांनी बाड अत्र्यांना दाखवलं, आणि बहिणाबाई गेल्यानंतरच्या वर्षी, १९५२ साली, अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं. टिपलं तेवढंच आपल्या हाती लागलं. आता वीस वर्षं मागे, धुळ्याच्या तुरुंगात जाऊ. १९३२ साली फेब्रुवारी ते जून या काळात दर रविवारी विनोबा कैद्यांसमोर गीतेवर बोलत होते, आणि खाली बसून साने गुरुजी ते उतरवून घेत होते. त्यातून 'गीता प्रवचने' तयार झालं. मराठी माणसाच्या घरोघरी पोचलेली ही दोन पुस्तकं खान्देशाच्या भूमीत आधी बोलली गेली आणि मग लिहिली गेली. बोलणारा वेगळा होता, लिहून घेणारा वेगळा. त्यामुळे ती कमी प्रतीची ठरली असं कुणी म्हटल्याचं ऐकिवात नाही.

तरीही लिहिणं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एकटा माणूस, कोरा कागद आणि कपाळाला हात, एवढंच चित्र येतं. हे चित्र आपण कुठून उचललं कोण जाणे. आपल्याकडची रीत दोघांची आहे, एक सांगणारा आणि एक ऐकून घेणारा. समोर ऐकणारा असला की माणूस आपोआप सुरुवातीपासून सुरू करतो, मध्येच 'अरे, ते राहिलंच' म्हणून मागे जातो, कळलं नाही असं चेहऱ्यावर दिसलं तर उदाहरण देतो. लेखनाच्या कार्यशाळांमध्ये पैसे घेऊन जे शिकवतात, त्यातलं बरंचसं माणूस बोलताना फुकट करत असतो.

साने गुरुजींचंच आणखी एक. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक असताना ते वसतिगृहातल्या मुलांसाठी हाताने लिहून दैनिक काढत. वाचक कोण, तर त्याच इमारतीत राहणारी मुलं. सगळ्या महाराष्ट्राला रडवणारा लेखक व्हायच्या आधी हा माणूस समोरच्या खोलीतल्या पोरांसाठी लिहीत होता. 'आपलं कोन वाचस' या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे. जवळचा माणूस वाचतो. आपण सुरुवातीलाच पुण्या-मुंबईचा कुणी चष्मेवाला परीक्षक वाचक म्हणून मनात बसवतो, त्याच्यापुढे आपली वाक्यं उभी करतो आणि तो नापास करायच्या आत स्वतःच फाडून टाकतो. पहिला वाचक भाचा असावा, शेजारीण असावी, गावातला डेअरीवाला असावा. ज्याला केळीचा चीक ठाऊक आहे, त्याच्यासाठी लिहिताना चीक म्हणजे काय हे समजावत बसावं लागत नाही, आणि हात मोकळा चालतो.

मोबाईलने हे सिद्धच करून दाखवलंय. घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लोक पल्लेदार मजकूर टाकतात, तोही अहिराणीत, अगदी बिनधास्त. आत्याच्या तेराव्याला न आलेल्या पुतण्यावर एका मावशीने टाकलेलं पाच मिनिटांचं बोलणं मी ऐकलंय. त्यात कथानक होतं, पात्रं होती, उपरोध होता, आणि शेवटी असा टोला होता की पुतण्या दुसऱ्या दिवशी दारात हजर. यूट्यूबवर खान्देशी गाणी आणि विनोदी फिती तुफान चालतात. म्हणजे भाषेची लाज संपत आलीय, प्रेक्षकही आहे. भीती उरलीय ती कागदाची, कारण कागद म्हटला की लाल पेन आठवतं.

नंदुरबारकडे गेलं की हे अंतर आणखी वाढतं. अक्कलकुवा, धडगाव, तळोदा, नवापूर भागातल्या भिली, पावरी, मावची बोलणाऱ्या लेकरासाठी शाळेतली मराठी ही शेजारचीसुद्धा भाषा नसते. ते पोर गप्प बसलं की आपण त्याला लाजरं म्हणतो. आदिवासी कवी वाहरू सोनवणे यांच्या 'स्टेज' या कवितेत हीच गोष्ट मोठ्या माणसांची होऊन येते. स्टेजवर इतर लोक आमचं दुःख आम्हालाच सांगत राहिले आणि आम्ही खाली बसून ऐकत राहिलो, असा तिचा आशय. ज्याचं त्याने लिहिलं नाही तर दुसरा कुणी त्याच्या वतीने लिहितो, आणि तेच खरं म्हणून उरतं.

धुळे जिल्ह्यातल्या पांझरेच्या काठच्या फड पद्धतीचं काय झालं ते बघा. नदीवर बंधारा, त्यातून पाट, खालची जमीन फडांत वाटलेली, एका फडात सगळ्यांचं एकच पीक, पाणी वाटायला पाटकरी, त्याची मजुरी धान्यात. कोणत्या फडात ऊस, कोणता यंदा पडीत, भांडण झालं तर कोणी मिटवायचं, हे गावाने बसून ठरवायचं. कित्येक पिढ्या ही व्यवस्था तोंडी चालली. आज तिच्यावर जे वाचायला मिळतं ते बरंचसं सरकारी नोंदींतलं किंवा बाहेरून आलेल्या अभ्यासकांचं. बंधाऱ्याची लांबी त्यात मिळते. पाटकऱ्याने रात्री दोन वाजता कुणाची शिवी खाल्ली आणि तरी पाटाचं बारं का फोडलं नाही, हे मिळत नाही. ते ज्याला ठाऊक होतं त्याला वाटलं, यात काय लिहिण्यासारखं आहे?

जनगणनेतही हेच दिसतं. २००१ साली खान्देशी या भाषागटातली (अहिराणीही त्यातच) मातृभाषा नोंदवणारे वीस लाखांच्या वर होते, २०११ साली ते साडेअठरा लाखांच्या आसपास आले. एवढ्या वर्षांत बोलणारी माणसं कुठे गेली नाहीत. घराघरांत पोरं जन्मली, वाढली. प्रगणक दारात आला तेव्हा 'मराठीच टाका' म्हणणारे वाढले असणार, असं माझं मत. कोऱ्या रकान्यात भाषेचं नाव घालायलाही जिथे हात आखडतो, तिथे गोष्ट लिहायचं लांबच राहिलं.

इथे एक आक्षेप हमखास येतो, आणि तो फालतू नाही. बोलीत लिहू दिलं तर पोरं प्रमाण मराठीत कच्ची राहतील, दहावीचा पेपर कोण सोडवणार, स्पर्धा परीक्षेत पुण्याच्या पोरांपुढे काय निभाव लागणार? बोलीचं कौतुक करणाऱ्यांची स्वतःची मुलं इंग्रजी शाळेत असतात, हा टोमणाही त्यात असतो, आणि तो बऱ्याचदा बरोबरही असतो. प्रमाण मराठी आलीच पाहिजे, तिच्यावाचून अर्जही धड लिहिता येत नाही आणि न्यायही मिळत नाही. माझा वाद क्रमाचा आहे. ज्या पोराने चार पानं स्वतःच्या मनाने लिहिलीत, त्याला 'पानी'चं 'पाणी' करायला एक महिना पुरतो. ज्याने दहा वर्षं गाइड उतरवलं, त्याचं 'पाणी' शुद्ध असतं, पण मुलाखतीत 'तुमच्या गावाबद्दल दोन मिनिटं बोला' म्हटलं की त्याला घाम फुटतो. शिवाय हे काही बंडखोरीचं मागणं नाही. २०२०चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणच जमेल तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवा म्हणतं. आपल्याकडे त्याचा अर्थ 'इंग्रजीऐवजी मराठी' एवढाच लावला जातो. घर कुणाचं, हे विचारत नाही कुणी.

मग करायचं काय? मोठ्यांसाठी सुरुवात भिंतीवरच टांगलेली आहे. कुठल्याही शेतकऱ्याच्या घरातलं कालनिर्णय काढून बघा. चौकोनांत बारीक अक्षरात भरलेलं असतं: 'सिलिंडर लावला', 'गाय दाखवली', 'निंदणी ५ बाया', 'गारा', 'दूध बंद', 'बापू दवाखाना'. जो माणूस म्हणतो मला लिहायला जमत नाही, तो वर्षानुवर्षं रोज लिहितोय. त्याला कथा लिही, कविता लिही म्हणू नये. 'गारा' लिहिलेल्या चौकोनावर बोट ठेवावं आणि विचारावं, आबा, त्या दिवशी काय झालं? बाग आडवी पडायला किती वेळ लागला? तलाठी पंचनाम्याला कधी आला, काय म्हणाला? घरात त्या रात्री चूल पेटली का? उत्तरं येतील ती जशीच्या तशी उतरवावी, 'भो'सकट. आबांनी स्वतः उतरवली तर उत्तम, नातीने उतरवली तरी चालेल. वाचून दाखवलं की आबा म्हणतील, "असं नही, आधी वारा सुटना व्हता." ते त्यांचं पहिलं संपादन.

शाळेत आठवड्याला एक पान बिनगुणांचं हवं. घरच्या बोलीत, पोराच्या स्वतःच्या विषयावर, आणि त्यावर लाल शाई चालणार नाही. गुरुजींनी खाली फक्त एक प्रश्न लिहायचा. 'चीक कशाने निघतो रे?' एवढा प्रश्न पुरे. पुढच्या पानावर त्याचं उत्तर येईल. महिन्यातून एकदा त्यातलं एक पान पोराने निवडावं आणि गुरुजींनी सोबत बसून ते प्रमाण मराठीत करावं. नियम तिथे शिकवा, अठराच्या अठरा. त्याला खर्च नाही, परिपत्रक लागत नाही. लागतो तो एवढाच धीर, की अधिकारी तपासणीला आले आणि वहीत अशुद्ध पान दिसलं तर हे मुद्दाम आहे, असं सांगता यावं. हा धीर गुरुजींनी एकट्याने कुठून आणायचा? केंद्रप्रमुखांनी आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांनी तो त्यांना द्यायला हवा.

वाचनालयांकडून माझं मागणं थोडं जास्त आहे. १९६७च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणारी वाचनालयं तालुक्या-तालुक्यांत, मोठ्या गावांत आहेत. तिथे वर्तमानपत्र वाचायला दहा जण येतात, पुस्तक बदलायला चार. त्यांनी आठवड्यातून एक दुपार लिहून घेणारा माणूस बसवावा. ज्याला सांगायचं आहे त्याने यावं, समोर बसून बोलावं, त्याने उतरवावं, वाचून दाखवावं, प्रत हातात द्यावी आणि सांगणाऱ्याची संमती असेल तर एक प्रत वाचनालयात ठेवावी. हे वेडगळ वाटत असेल तर माहितीच्या अधिकाराचा २००५चा कायदा उघडून पाहा. ज्याला लेखी अर्ज करता येत नाही त्याचं तोंडी म्हणणं लेखी स्वरूपात आणायला माहिती अधिकाऱ्याने मदत केली पाहिजे, असं त्यात कलम सहामध्येच लिहिलंय. सरकारी फायलीची झेरॉक्स मागायला जी सोय कायद्याने दिली, ती बाईला तिच्या आयुष्याची गोष्ट मांडायला द्यायला काय हरकत आहे?

बाईला म्हटलं ते उगाच नाही. पुरुषांची भीड एकदा मोडली की ते आत्मचरित्राचे दोन खंड काढून पोरांच्या पैशाने छापतात, हे आपण बघतोच. बायांचं तसं नाही. त्यांची भीड अक्षराची थोडी आणि घराची जास्त. लिहिलेलं सासरच्या हाती पडलं तर? म्हणून दुपारची वेळ, बसणारीही बाईच, आणि प्रत कुठे ठेवायची हे ठरवायचा हक्क सांगणारीचा. वाचनालयाच्या कार्यकारिणीत बाया किती आहेत, यावरून हे कितपत होईल याचा अंदाज बांधायला हरकत नाही.

लिहून घ्यायला माणसं कुठून आणायची, असं कुणी विचारेल. नव्या पदवी अभ्यासक्रमात समाजात जाऊन करायच्या कामाला श्रेयांक ठेवले आहेत. बऱ्याच कॉलेजांत त्यासाठी पोरं कुठल्या तरी गावात झाडू मारतानाचा फोटो आणि एक फाईल देतात. त्या ऐवजी मराठीच्याच नव्हे, तर वाणिज्य-विज्ञानाच्याही विद्यार्थ्याने सत्रभर एका माणसाचं ऐकून उतरवावं. घरच्या आजीचं चालणार नाही, अनोळखी माणूसच हवा, नाहीतर एका रात्रीत काहीतरी रचून आणतील. तपासायला सोपं: सांगणाऱ्यासमोर वाचून दाखवायचं आणि 'हे माझं आहे' असं त्याने म्हणायचं. सही येत नसेल तर अंगठा चालेल. बहिणाबाईंचं नाव लावणाऱ्या विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाने येत्या जूनच्या आत हा ठराव घ्यावा. तिन्ही जिल्ह्यांतली कॉलेजं त्याच्या अखत्यारीत आहेत, वेगळी इमारत लागणार नाही, आणि उद्घाटनाला मंत्र्यांची तारीखही नको.